साहेब, चहा घेऊन या

जुलै म्हणजे आम्हा रिटर्न भरणाऱ्यांची सुगी. साताऱ्यात मंगळवार पेठेत माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे, आणि ऐन सुगीत आमचा प्रिंटर रुसला. तोही सारखा नाही. आठवडाभर पाळत ठेवून शिंदेबाई म्हणाल्या, "साहेब, राग मानू नका, पण तुम्ही बाहेर गेलात की तो चालतो."

प्रिंटरची वायर बदलली, टेबल बदललं, शनिवारी मारुतीला तेल घातलं. तरी तेच. मी पोवई नाक्यापर्यंत जाऊन आलो की वीस पानं गरमागरम पडलेली. मी खुर्चीला टेकलो की प्रिंटर ऑफलाइन.

रविवारी भाचा आला. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतो. प्रिंटरकडे बघितलंसुद्धा नाही, माझा मोबाईल मागितला. वाय-फायच्या सेटिंगमध्ये आकडा होता १९२.१६८.१.५०, म्हणजे नेटवर्कमधला मोबाईलचा पत्ता. मग प्रिंटरच्या पाठीवरची चिठ्ठी दाखवली, बसवणाऱ्याने बॉलपेनने लिहिलेली: १९२.१६८.१.५०.

"मामा, तू आणि प्रिंटर एकाच घरनंबरावर राहताय."

झालं होतं असं, की प्रिंटरला तो नंबर कुणीतरी हाताने दिला होता आणि राऊटरला, म्हणजे नंबर वाटणाऱ्या वाय-फायच्या डब्याला, कळवलंच नव्हतं. म्हणजे तोंडी व्यवहार, उताऱ्यावर नोंद नाही. राऊटरला पन्नास नंबर मोकळा दिसला, त्याने तो माझ्या मोबाईलला देऊन टाकला. मी आलो की एका घराला दोन मालक. असले दावे साताऱ्यात तीन-तीन पिढ्या चालतात. भाच्याने राऊटरला 'शंभराच्या पुढचेच नंबर वाट' असं सांगून पाच मिनिटांत निकाली काढला.

मी म्हटलं, "पण हाच १९२.१६८ तुझ्या पुण्याच्या खोलीवरही आहे की!" तो म्हणाला, असणारच. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे बत्तीस जागा आणि प्रत्येकीत एक किंवा शून्य, म्हणून जगात एकूण नंबर सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचा मूळ साठा २०११ सालीच वाटून संपला. हे घरगुती नंबर गावोगावच्या मारुतीसारखे: प्रत्येक गावात एक, वेशीबाहेर कुणी विचारत नाही.

मग शिंदेबाईंच्या कॉम्प्युटरला त्याने हाताने नंबर द्यायला घेतला. तो सांगणार, बाई टाईप करणार. मास्क सांगितला २५५.२५५.२५५.०. बाईंनी तिसऱ्या जागी २२५ टाकले. कॉम्प्युटर घेईना. मास्क म्हणजे पत्त्यात पेठ कुठे संपते आणि घरनंबर कुठे सुरू होतो त्याची खूण. तो बिटांत लिहिला की आधी सगळे एक, मग सगळी शून्यं. २२४ चालला असता, त्यात तीन एक आणि पाच शून्यं. २२५ मध्ये शेवटी पुन्हा एक येतो. पंगतीतून उठून गेलेला माणूस मठ्ठ्यासाठी परत येऊन बसावा तसा.

खाली चुलतभावाचं दुकान आहे, त्याला नेट माझंच. त्याच्या पोराने छापलेली कोटेशनं माझ्या कागदावर उमटतात. त्यावर भाच्याने सबनेटिंग सुचवलं, म्हणजे शुद्ध वाटणी. मास्कचा शेवटचा आकडा १२८ केला की ० ते १२७ आम्ही, १२८ ते २५५ ते. पण प्रत्येक भागात पहिला नंबर खुद्द पेठेच्या नावाचा आणि शेवटचा दवंडीचा. तिथे कुणाला राहता येत नाही. आधी २५४ जण राहत होते, आता १२६ आणि १२६. बेरीज करून मी म्हणालो, "दोन घरं गेली कुठे?"

"भिंतीत गेली."

हे मात्र पटलं. आमच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा मधल्या भिंतीत तुळशीवृंदावन गेलं होतं. वाटणीला वेगळा राऊटर लागतो म्हणे. तो अजून घेतलेला नाही, कोटेशनं येतच आहेत.

प्रिंटर आता मी असतानाही चालतो. तरी मोठी फाईल छापायची असली की शिंदेबाई चष्म्यावरून बघतात. "साहेब, चहा घेऊन या." मी जातो. जाताना मोबाईलचं वाय-फायही बंद करतो.