शेअर स्वस्त आहे, धीर धरावा

आपण ११२ रुपयांच्या सरासरीने घेतलेले ६०० शेअर आज ८० रुपयांवर आले असतील, तर सर्वप्रथम आपली भाषा दुरुस्त करून घ्यावी. भाव पडला असे म्हणू नये. भाव पडतो तो इतरांच्या शेअरचा. आपल्या शेअरचे खरे मूल्य बाजाराला अद्याप उमगलेले नसते. पडलेल्या शेअरबद्दल घरात जाब द्यावा लागतो, तर बाजाराने दुर्लक्षिलेल्या शेअरबद्दल घरच्यांनाच चार गोष्टी ऐकवता येतात आणि दिवाळीच्या फराळाला आलेल्या मेव्हण्याच्याही गळ्यात तो मारता येतो.

कंपनी स्वस्त आहे हे सिद्ध करायला दोन आकडे पुरतात, तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नये. आमच्या कंपनीचे एक कोटी शेअर, वर्षाचा नफा दहा कोटी; म्हणजे शेअरमागे मिळकत १० रुपये आणि ८० रुपयांच्या भावाला पी/ई, म्हणजे भाव भागिले मिळकत, अवघा ८. पुस्तकी मूल्य, म्हणजे हिशेबाच्या वह्यांप्रमाणे देणी वजा जाता उरणारी मालमत्ता, शेअरमागे १६० रुपये. एकशे साठाची वस्तू ऐंशीला मिळत असताना ती का मिळते हे विचारणे असभ्यपणाचे आहे. तुळशीबागेत निम्म्या किमतीला मिळणारी ओढणी आपण उजेडात धरून, धागा ओढून पाहतो. शेअरच्या बाबतीत असा संशयी स्वभाव बरा नव्हे. त्या १६० रुपयांत तीन वर्षे न आलेली येणी किती आणि गोदामात पडून राहिलेला माल किती, हे वार्षिक अहवालाच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत छापलेले असते, आणि ज्या अर्थी ते बारीक छापले आहे त्या अर्थी ते महत्त्वाचे नसणार, असे समजून पुढे जावे.

यानंतर चर्चेसाठी एखादा कट्टा गाठावा. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत रविवारी सकाळी दूध आणायला निघालेली मंडळी फाटकापाशी थांबतात आणि दूध नासायची वेळ आली तरी हलत नाहीत. बँकेतून निवृत्त झालेले एक काका अध्यक्षस्थानी असतात. ते महावितरणच्या बिलाच्या पाठीमागे आकडेमोड करतात आणि तिथले शेअरच्या भावाचे त्यांचे टार्गेट गेल्या दोन वर्षांत ३०० रुपयांच्या खाली एकदाही आलेले नाही. आमच्यातल्या एका औषध दुकानदाराने आपले शेअर १०५ला विकले. त्याला आता आम्ही ट्रेडर म्हणतो आणि त्याच्यासमोर कंपनीचा विषय काढत नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी ही म्हण आपल्याकडे उपहासाने वापरतात खरी, पण तुरी अजून बाजारातच असतात तोवर वाद किती निर्वेधपणे घालता येतो, हे त्या भटालाच ठाऊक.

खरी कसोटी लागते ती कंपनी भांडवल उभारणी जाहीर करते तेव्हा. ही सूचना बहुधा शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर येते, म्हणजे शनिवार-रविवार चर्चेला मोकळे मिळतात. आमच्या कंपनीने ८० रुपये दराने ५० लाख परिवर्तनीय वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचे हक्क, देण्याचे ठरवले. अर्धी प्रवर्तकांना, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या प्रमोटर मंडळींना, आणि उरलेली अशा तीन-चार संस्थांना, ज्यांची नावे आमच्यापैकी कोणी पूर्वी ऐकली नव्हती. कट्ट्यावर आयटीत नोकरी करणाऱ्या एका मुलाने भीत भीत विचारले, "काका, यात आपला हिस्सा कमी होणार ना?" काकांनी बिल उलटे केले. "अरे, पैसा कंपनीत येतोय, जातोय कुठे? आणि प्रमोटर स्वतःच्या खिशातून घालतोय, तो काय वेडा आहे?"

तो वेडा नाही, या मुद्द्यावर आपणही काकांशी पूर्णपणे सहमत व्हावे. वॉरंट घेणाऱ्याने आज किमतीच्या किमान २५ टक्के, म्हणजे शेअरमागे २० रुपये भरायचे असतात आणि उरलेले ६० भरायला त्याला अठरा महिने मिळतात. तेवढ्या काळात भाव दीडशेवर गेला तर त्याने ६० रुपये भरून दीडशेचा शेअर घरी न्यावा. पन्नासवर आला तर २० रुपये सोडून देऊन अंग काढून घ्यावे. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच, फरक इतकाच की इथे कोहळा नीट पिकला नाही तर तो घेतलाच पाहिजे असे बंधन नाही. आपण मात्र सगळे ११२ रुपये पहिल्याच दिवशी मोजले होते, कारण आपला कंपनीवर विश्वास होता.

वॉरंटची किंमत नियमानुसार ठरली आहे, असे कोणी सांगितले की समाधान मानावे. नियम खरोखरच आहे: मागील ९० व्यवहार दिवसांची आणि मागील १० व्यवहार दिवसांची, उलाढालीच्या प्रमाणात काढलेली भावाची सरासरी, यांपैकी जी जास्त असेल तिच्याखाली किंमत ठेवता येत नाही. म्हणजे शेअर जितका दीर्घकाळ दुर्लक्षित राहील, तितके वॉरंट स्वस्तात मिळते. बाजाराला आपली कंपनी कळत नाही म्हणून आपण हळहळत असताना, ती न कळण्यात कोणाची सोय होत असेल, असला विचार रविवारच्या सकाळी मनात आणू नये.

गणिताचा मोह आवरत नसेल तर ते एकदाच, एकांतात करावे. एक कोटी शेअरचे दीड कोटी झाले आणि नफा तेवढाच राहिला, तर शेअरमागची मिळकत १० रुपयांवरून ६ रुपये ६७ पैशांवर येते आणि ८० रुपयांच्या त्याच भावाला पी/ई ८चा १२ होतो. पुस्तकी मूल्याचे तर आणखी मौजेचे आहे. १६० कोटींत ४० कोटी घातले की २०० कोटी होतात, त्यांना दीड कोटी शेअरने भागले की १३३ रुपये. म्हणजे कंपनीत पैसे आले आणि आपल्या शेअरमागचे २७ रुपये गेले. पंगत वाढली की ताकात पाणी वाढते, हे आपल्या घरच्या बायकांना कळते. पण त्यांचे डीमॅट खाते आपणच चालवत असल्याने त्यांना कोणी विचारत नाही. एकशे साठाचा शेअर ऐंशीला मिळतो हा बाजाराचा मूर्खपणा म्हणून रोज सांगणारे आपण, तोच शेअर कंपनीने स्वतः ऐंशीला विकायला काढला की टाळ्या वाजवतो, आणि या दोन गोष्टी एकाच तोंडाने करता येणे हेच अभ्यासू गुंतवणूकदाराचे लक्षण आहे.

शिवाय १६० कोटींवर दहा कोटी, म्हणजे ही कंपनी आपल्या भांडवलावर सव्वासहा टक्के कमावते. मिळकत दहा रुपयांवर टिकवायची तर नव्या ४० कोटींवर तिला वर्षाला पाच कोटी, म्हणजे साडेबारा टक्के मिळवावे लागतील. आजवर जमले त्याच्या बरोबर दुप्पट. बाजार तिला अर्ध्या किमतीत का मोजतो याचे उत्तर इथेच कुठेतरी असावे. हे मी काकांना सांगून पाहिले. मुदत ठेवीवर ज्येष्ठ नागरिक म्हणून साडेसात टक्के घेणारे काका म्हणाले, "तू फार निगेटिव्ह बोलतोस."

पूर्वी मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्री सभागारात कंपन्यांच्या भागधारकांच्या सभा भरत. आता सभा पडद्यावर होते. भाषणासाठी आधी नाव नोंदवावे, आपला क्रमांक आला की कंपनी सचिवांनी अहवाल वेळेवर पाठवल्याबद्दल त्यांचे आभार मानावेत आणि वॉरंटबद्दल विचारायच्या नेमक्या क्षणी आपला आवाज येईनासा होईल, याची तयारी ठेवावी. वॉरंट मंजूर करणाऱ्या विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते लागतात आणि आपल्याकडे एक कोटीतली ६०० असतात, तेव्हा मत द्यायला विसरलात तरी लोकशाहीचे फारसे नुकसान होत नाही.

वादात दाखले लागतात. तेही निवडून द्यावेत. पुण्याच्या सुझलॉनने ऑक्टोबर २०२२ मध्ये हक्कभाग विक्रीतून, म्हणजे जुन्या भागधारकांनाच नवे शेअर देऊ करून, १,२०० कोटी उभारले ते ५ रुपये दराने, पुढच्याच ऑगस्टमध्ये मोठ्या संस्थांना १७ रुपये ५५ पैशांना शेअर देऊन २,००० कोटी उभारले, आणि २०२४ मध्ये भाव ८०च्या वर जाऊन आला. ही गोष्ट तीनदा सांगावी. हाच शेअर जानेवारी २००८ मध्ये ४००च्या वर होता आणि त्या वेळी घेतलेलेही आपल्याच शहरात राहतात, हे सांगायला वेळ उरत नाही. व्होडाफोन आयडियाचा दाखला तर कोणीही देऊ नये. तिने एप्रिल २०२४ मध्ये ११ रुपयांना शेअर विकून १८,००० कोटी उभारले. वर्षभराने सरकारच्या ३६,९५० कोटींच्या येण्यापोटी १० रुपयांनी ३,६९५ कोटी नवे शेअर दिले, आणि त्या वेळी बाजारात भाव दहाच्या खालीच होता. एवढे आकडे एका दमात सांगितले तर चहा गार होतो.

आमच्या कंपनीचे अठरा महिने भरले तेव्हा भाव ७४ होता. ८०चा शेअर घ्यायला वॉरंटवाले आले नाहीत. त्यांचे वीस-वीस रुपये जप्त झाले, ४० कोटींऐवजी दहाच आले, आणि मग कंपनीला आमची आठवण झाली. तीन शेअरमागे एक, ६० रुपयांना, अशी हक्कभाग विक्री निघाली. माझ्या डीमॅट खात्यात २०० हक्क जमा झाले. अर्ज करायचा नसेल तर असे हक्क मुदतीत बाजारात विकता येतात. त्यांचा भाव १४ रुपये चालला होता, म्हणजे २,८०० रुपये. अर्ज करावा की हक्क विकावेत यावर आम्ही सलग दोन रविवार अत्यंत सखोल चर्चा केली. तिसऱ्या रविवारी चर्चा निष्कर्षाप्रत येत असतानाच कोणाच्या तरी लक्षात आले की मुदत शुक्रवारीच संपली आहे. ना अर्ज, ना विक्री. अशा हक्कांचे काहीच होत नाही, ते आपोआप रद्द होतात.

"बरे झाले," काका म्हणाले. "आता भाव ६२वर आलाय, बाजारातूनच घे. अ‍ॅव्हरेज खाली येईल."

मी सोमवारी ३०० घेतले. सरासरी ११२वरून ९५वर आली, त्याबद्दल त्या रविवारच्या चहाचे पैसे मी दिले.