वास येत असेल तर नाक बदला

तुमच्या गल्लीच्या तोंडाला पूर्वी पेट्रोल पंप होता का? तो बंद पडून जमाना झाला आणि आता त्या जागेवर अपार्टमेंट उठणार आहे का? मग अभिनंदन. भुईत पुरलेल्या जुन्या टाक्यांपायी माती आणि पाणी किती नासलंय, हे कसं तपासतात ते मी गेल्या महिन्यात आमच्या परसातल्या आडाच्या काठावर उभी राहून फुकटात बघितलंय. तुम्हाला उपयोग व्हावा म्हणून हा प्रपंच.

टाकी किती जुनी, हे कुणाला विचारू नका. लोखंड जमिनीत गंजतं, पाइपाच्या जोडातून थेंब थेंब गळत राहतं, असलं काही आपल्याकडं होत नाही. आपल्याकडं टाकी पुरली की समाधी. फक्त हार घालायचा राहतो.

रिकामी टाकी भुईतलं पाणी चढलं की वर उचलते आणि जोड तोडते, हेही मनात आणू नका. त्यासाठी २०१९ चा महापूर विसरावा लागेल, पण २०२१ ला आपण तो विसरलोच होतो की. सराव आहे.

वास येत असेल तर रस्त्यावरच्या गाड्यांचा म्हणा.

आता नमुना. हे मात्र नीट ऐका. नमुना घ्यायला माणूस येतो. आमच्याकडं आला तो भर एप्रिलात, दुपारी एकला, बाइकवरून, हातात कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घेऊन. आडात बादली सोडली. वर आली तर पाण्यावर रंगीत तवंग, सात रंगांचा, बघत राहावं असा. पठ्ठ्यानं काय करावं? बादलीत हात घालून तवंग बाजूला सारला आणि खालचं पाणी बाटलीत भरलं. मी म्हटलं, "अहो, वरचं बघा की." तर म्हणाला, "वैनी, वरती कचरा असतोय."

कचरा! पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलकं, ते वरच तरंगणार. आधी तो थर मोजायचा, कागदावर नोंदवायचा, मग खालच्या पाण्याचा नमुना वेगळा घ्यायचा. मिसळीवरचा कट चमच्यानं बाजूला सारून नुसती मटकी चाखायची आणि "तिखट न्हाई" म्हणायचं, असली ही परीक्षा. कोल्हापुरात हे चालवून घेता?

बाटली अर्धीच भरली. पेट्रोलातलं बेंझिन हवेत उडून जाणारं. त्यासाठी बोटाएवढी काचेची कुपी लागते, काठोकाठ भरलेली, आत एक बुडबुडासुद्धा नको, आणि ती लगेच बर्फात. आमची बाटली डिकीत गेली. डिकी उन्हात. बाइकवाला कोपऱ्यावर मिसळ खायला. अर्ध्या तासानं ढेकर देत आला, किक मारली, गेला.

आठ दिवसांनी अहवाल आला, शिक्क्यासकट. सामू ठीक. कठिणपणा ठीक. क्षार ठीक. कोलिफॉर्म, म्हणजे सांडपाण्यातले जंतू, थोडे. पेट्रोलातल्या बेंझिन, टोल्युइन, झायलिन यांचं नावसुद्धा नाही. पोटात कळ येते म्हणून जावं आणि चष्म्याचा नंबर काढून मिळावा तसं. खाली शेरा : पाणी वापरण्यास योग्य.

मातीसाठी एकच भोक पाडा. टाकी मागं असेल तर पुढं, गेटाजवळ. आपल्या भागात वर माती-मुरूम आणि खाली काळा कातळ. पाणी जातं ते कातळाच्या चिरांतून, कुठनं कुठं याचा पत्ता नाही. दिशेचा नुसता अंदाज यायलासुद्धा किमान तीन बोअर घेऊन प्रत्येकातली पातळी मोजावी लागते. पावसाळ्यात पातळी वर चढते तसं तेल वर चढतं, उन्हाळ्यात खाली उतरतं आणि मधली सगळी माती चोपडून ठेवतं. म्हणजे दोन्ही ऋतूंत बघायला हवं. तेवढा वेळ कुणाला? बुकिंग सुरू झालंय.

नियमांचं नाव काढू नका. दूषित जागांसाठी केंद्रानं जुलै २०२५ मध्ये नियम काढलेत. संशय असलेल्या जागांची यादी स्थानिक संस्थेनं नाहीतर जिल्हा प्रशासनानं करायची आणि पुढं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी व्हायची. मी अर्ज घेऊन एका खिडकीवर गेले. त्यांनी दुसऱ्या खिडकीवर धाडलं. तिथं विचारलं, "पंप आता हाय का तिथं?" नाही म्हटलं. "मग अर्ज कशाचा करताय?"

गंमत सांगते. पंप चालू होता तेव्हा तिथला माणूस टाकीत दांडी सोडायचा. दांडीच्या टोकाला पेस्ट. टाकीच्या तळाला पाणी असलं की पेस्टचा रंग बदलायचा आणि लगेच धावाधाव. पेट्रोलात बोटभर पाणी गेलेलं यांना चालत नव्हतं.

आणि पाण्यात पेट्रोल गेलेलं चालतं? माझ्या सासूबाई दोन वर्षं सांगत होत्या, लुगड्याला रॉकेलचा वास येतोय. आम्ही त्यांना वेड्यात काढलं. होय, मीसुद्धा. पिण्याच्या पाण्यात बेंझिन लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यानं कॅन्सर होतो, यात आता वाद उरलेला नाही. आणि ते नाकाला कळायच्या कितीतरी आधी ही मर्यादा ओलांडून गेलेलं असतं. मग ज्या पाण्याला वास येतोय त्याचं काय, हे त्या शिक्केवाल्याला कळत नसेल? कळतंय. चांगलं कळतंय. लाज नाही, एवढंच.

बिल्डरसाहेब, परवा रात्री अकरा वाजता खड्ड्यातनं तीन डंपर माती गेली. काळी, चिकट, गल्लीभर पेट्रोलचा वास मारणारी. आमच्या शेजारच्या पोरानं बाइक मागं घातली होती. गावाबाहेरच्या एका प्लॉटवर भरावाला टाकलीय तुम्ही ती, विहिरीपासून वीस पावलांवर. त्या विहिरीचं पाणी लोक पितात. ती माती उचला. आणि आमच्या आडाचं पाणी परत तपासा, काचेच्या कुपीत, बेंझिनसाठी, माझ्यासमोर. या वेळी बादली मी धरणार आहे.