कुलपाची चंची

दोन दिवस गॅलरीत उन्हात टांगलीय, तरी बॅगेचा तंबाखूचा वास जात नाही. बारा संध्याकाळी घालवून शिवलेली बॅग! जुन्या काळच्या बायकांच्या हातात असायची तसली, वर पितळी चौकट आणि दोन मणी एकमेकांवरून घसरले की 'टक्' करून मिटणारी.

बाबांच्या हिमरूच्या शालीला कसर लागली होती, तिचा धड भाग घेतला. हिमरू म्हणजे ताणा सुती, बाणा रेशमी, औरंगाबादची शान वगैरे. कात्री लावेपर्यंतच ही शान. मग मागचे मोकळे धागे असे सुटतात की आपण बॅग शिवतोय की शेवया वाळत घालतोय तेच कळत नाही. मागून कॅनव्हास चिकटवायला इस्त्री तापवली, तर लाईट गेली. आईच्या पायमशीनवर १४ नंबरच्या दोन सुया मोडल्या, मग १६ नंबरची आणली. अस्तर पूर्ण शिवल्यावर आठवलं, बॅग उलटवायला तळाशी फट ठेवायची असते. बसले ब्लेडनं उसवत. चौकट तर इथं मिळालीच नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणायचं, आणि दुकानदार विचारतो, "ताई, फोटोची देऊ का?" शेवटी ऑनलाईन मागवली. तिच्या खाचेत गम भरून कापड कोंबलं.

परवा ती मिरवायला जिंतूरच्या एसटीत बसले. डोहाळजेवण होतं. शेजारी एक आजी. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे.

"बोरीला चालले," आजी म्हणाली.

"कुणाकडं?"

"कुणाकडंच न्हाई. जाऊन येते. फुकटच हाय की." मग नजर खाली गेली. "ह्ये काय व माय?"

"पर्स आहे आजी. घरी शिवली."

"पाहू दे." म्हणेपर्यंत घेतलीच. टक्, उघडली. टक्, मिटली. झरी येईपर्यंत टक्-टक् चालू होतं, पूर्वीचे कंडक्टर तिकिटाचा चिमटा वाजवत फिरायचे तसं. आताचा कंडक्टरही दोनदा वळून बघून गेला.

"चंचीच की ही!"

"चंची नाही आजी. जुन्या फॅशनची पर्स आहे."

"मी तेच म्हणायले. मह्या सासूची व्हती. पाच कप्पे. एक पानाला, एक सुपारीला, एक काताला, एक तंबाखूला, एक चुन्याच्या डबीला. हिला किती?"

"एक."

"एकच?" पुढच्या सीटवरच्या माणसानंही मान वळवून ही एका कप्प्याची बाई बघून घेतली. "मग सुपारी अन् तंबाखू एकातच कोंबायलीस का?"

"मी खात नाही आजी."

"मग कामून शिवलीस?"

आता काय सांगणार? आमच्या घरातही हाच प्रश्न झाला होता, फक्त शुद्ध भाषेत. "बाजारात अडीचशेला मिळते," असंही वर. रविवारी तीन तास मोटारसायकल धुणाऱ्या माणसाला मी कधी विचारलं नाही की धुऊन मिळते तर स्वतः कशाला धुतोस. बारा संध्याकाळींत एका संध्याकाळी कुणी मेथी निवडून दिली नाही, पण हिशेब मात्र सगळ्यांना करता येतो. जाऊ दे.

तोवर आजीनं कनवटीची प्लॅस्टिकची पिशवी काढून सगळा ऐवज माझ्या बॅगेत ओतला होता. "बसतं का पाहायले." बसलं. तिनं जोर लावून चौकट दाबली आणि डावा कोपरा खाचेतून बाहेर आला.

"कच्ची हाय," आजीनं निकाल दिला. "मला एक शिवून दे. पाच कप्प्यांची. कुलूप नको, बोटं चिमटतेत. शिलाई वीस रुपये देते."

"वीस?"

"बरं, दोरा मव्हा."

बोरी आली. आजीनं घाईघाईनं मूठ मूठ सामान उचललं आणि उतरून गेली.

डोहाळजेवणात आहेराचं पाकीट काढलं, तर त्यावर ओला चुना. म्हातारीनं मला शब्दशः चुना लावला होता. नणंदेच्या सासूबाईंनी पाकीट हुंगलं, माझ्याकडं पाहिलं आणि काही न बोलता पानाचं ताट माझ्यापुढं सरकवलं. 'मी खात नाही' म्हटलं, तर त्या समजूतदारपणे हसल्या. त्या हसण्याचा राग अजून उतरलेला नाही.

अस्तरावरचा डाग जात नाही, आणि हिमरू पाण्यात घालायची हिंमत होत नाही. तळाशी आजीची डबी सापडली. पितळेची, झाकणाला बारीक साखळी. परत कुणाला द्यायची? बोरीत तिचं कुणी नाही.

शालीचा वीतभर तुकडा उरलाय. काल मोजून पाहिला. चार कप्पे निघतात. वीस रुपयांत पाचवा मी देणार नाही.