थिबा पॅलेस पंधरा मिनिटांत?

रत्नागिरीत मारुती मंदिरच्या नाक्यावर वादाला तोंड फोडलं आमच्या रिक्षावाल्या दोस्ताने. "थिबा पॅलेस म्हणजे पंधरा मिनिटांचं काम. मग थिबा पॉइंट, सूर्यास्त, भाट्याची खाडी, फोटो. पाव्हणे खूश."

सुट्टीला पुण्याहून आलेला इंजिनिअर त्याच्याही पुढे गेला. "म्युझियम कोण बघतं रे? हॉटेल करा त्याचं. जांभ्याच्या भिंती, उतरती छपरं, अर्धगोल लाकडी खिडक्या. राजस्थानात असता तर लोकांनी रात्रीचे वाट्टेल तेवढे पैसे मोजले असते."

"राजस्थानातल्या वाड्यांत राजे राहत होते," मास्तर म्हणाले. "इथे ब्रह्मदेशाचा राजा थिबा इंग्रजांचा नजरकैदी होता. आणि वाड्यात राहिला तरी किती? १८८६ मध्ये आणला, वाडा झाला १९१० मध्ये, १९१६ च्या डिसेंबरात वारला. जेमतेम सहा वर्षं. त्याआधीची चोवीस इथल्याच दुसऱ्या बंगल्यांत गेली."

"पण त्याला उचलला का मुळात?"

हा प्रश्न मास्तरांना विचारायचा नसतो, पण विचारला गेला. सागाच्या लाकडापासून सुरुवात झाली. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने ठरल्यापेक्षा जास्त साग तोडला म्हणून थिबाच्या दरबाराने तिला तेवीस लाखांचा दंड ठोकला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. नोव्हेंबर १८८५ मध्ये थिबाची राजधानी मंडाले पडली. सत्ताविशीतही न पोचलेला राजा गरोदर राणीसकट बोटीवर चढवला गेला. आधी मद्रास, मग आपली रत्नागिरी. "कंपनी मुंबईची, बरं का!" मास्तरांनी वर ऐकवलं.

"आणि आपले टिळक मंडालेत!" रिक्षावाला खुलला. "हे मी प्रत्येक पाव्हण्याला सांगतो. टिळक आळीत जन्मलेला माणूस त्यांच्या गावी कैदेत, त्यांचा राजा आमच्या गावी."

खरं आहे. १९०८ ते १९१४, टिळक तिकडे असतानाच इकडे हा वाडा उभा राहिला. पण मला ही अदलाबदल जरा जास्तच गोड वाटते. सांगायला सोपी, ऐकायला छान. टूटूचं सांगताना मात्र आपण घाई करतो. तसं मी बोललोही.

इंजिनिअरला टूटू माहीतच नव्हती. रत्नागिरीत वाढलेला माणूस! मग सांगावं लागलं. थिबाची थोरली मुलगी आणि दारवान गोपाळ सावंत यांची मुलगी ती. सावंतांचं लग्न आधीच झालेलं. १९१९ मध्ये राणी सुपयालत मुलींना घेऊन रंगूनला परतली, थोरली राजकन्या मात्र टूटूला घेऊन पुन्हा रत्नागिरीत आली आणि १९४७ मध्ये इथेच गेली, हलाखीत. टूटू मराठी बोलत, इथल्याच माणसाशी संसार करत म्हातारी झाली. कागदी फुलं करून विकायची.

"हे म्युझियमच्या भिंतीवर मोठं लिहायला हवं," मी म्हटलं.

"लिहा की. पण त्याला पंधरा मिनिटं पुरायची नाहीत," रिक्षावाला म्हणाला.

मास्तरांची गाडी समाधीवर गेली. राजा वारल्यावर सुपयालत अडून बसली, पुरायचं तर मंडालेत. इंग्रज कसले ऐकतात! दोनेक वर्षं शवपेटी वाड्याच्या आवारातच होती. शेवटी १९१९ मध्ये त्याला आणि आधी वारलेल्या धाकट्या राणीला इथल्याच शिवाजीनगरात दफन केलं. "२०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष तिथे येऊन नमस्कार करून गेले. आमच्यातला कोण गेलाय?"

कोणीच हात वर केला नाही.

"मग देऊन टाका ना अवशेष त्यांना," इंजिनिअर म्हणाला. "बहादूरशहा जफर तिकडे रंगूनला आहे, त्याला इकडे आणा. हिशोब फिट्ट."

"मेल्या, ती काय पार्सलं आहेत?" मास्तर भडकले. "जफरच्या कबरीचा तिकडे दर्गा झालाय, लोक नवस बोलतात. आणि थिबाचं म्हणशील तर त्याच्या घराण्याची माणसं दोन्हीकडे आहेत. टूटूची नातवंडं इथे भाजीबाजारात आपल्या शेजारी उभी असतील. त्यांना न विचारता तू कोण देणारा?"

इंजिनिअरने हॉटेलचा मुद्दा पुन्हा काढून बघितला. तोवर रिक्षावाल्याला भाडं आलं, कुटुंब होतं, थिबा पॅलेसलाच जायचं होतं. "समाधीपण दाखव रे," मास्तर ओरडले.

"वाकडी वाट आहे, वेटिंग धरून शंभर वर होतील," तो म्हणाला, आणि मागे वळून पाव्हण्यांना विचारायला लागला.