मोबाइलच्या व्हिडिओवरून फेकी ठरवू नका

गेला महिनाभर इंदूरमधल्या क्रिकेटवाल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. मजकूर साधारण असा: 'तुमचा मुलगा चेंडू टाकतो की फेकतो, हे आता घरीच तपासा. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ काढा, अ‍ॅपमध्ये खांदा, कोपर आणि मनगट यांवर ठिपके ठेवा. कोन १५ अंशांच्या वर दिसला की गोलंदाजी अवैध. डोळा चुकतो, कॅमेरा चुकत नाही. हवं तर तीनदा मोजा, दोघांना दाखवा, उत्तर तेच येईल.'

मी चिमणबागच्या मैदानावर मुलांना फिरकी शिकवतो. याच मेसेजच्या जोरावर माझ्याकडच्या एका १३ वर्षांच्या ऑफस्पिनरला एका स्पर्धेत दुसऱ्या षटकानंतर चेंडू दिला गेला नाही. संध्याकाळी त्याची आई मैदानावर आली आणि तिने विचारलं, "सर, तो खरंच फेकतो का हो?" मुलगा मागे उभा होता. म्हणाला, "सर, मी आता बॅटिंगच करतो." म्हणून हा मेसेज एकेक वाक्य घेऊन तपासायचा आहे.

सुरुवात नियमापासून, कारण मेसेज तिथेच घसरला आहे. हात वाकलेला असणं हा गुन्हा नाही. दंड, म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात, खांद्याच्या उंचीला आल्यापासून चेंडू हातातून सुटेपर्यंत कोपर मर्यादेपेक्षा जास्त सरळ होत गेलं, तर ती फेकी. आयसीसीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची, १५ अंशांची मर्यादा आहे ती या सरळ होण्याची. म्हणजे एखाद्याचं कोपर आधी २५ अंश वाकलेलं होतं आणि सुटतानाही २५च होतं, तर त्याची गोलंदाजी शुद्ध आहे. त्या मुलाच्या बाबतीत ग्रुपवर टाकलेला 'पुरावा' म्हणजे एका क्षणाचं थांबवलेलं चित्र होतं. एका चित्रात बदल दिसू शकत नाही, त्यामुळे त्यावरून फेकी सिद्ध होत नाही.

आता 'कॅमेरा चुकत नाही'. घरी एक प्रयोग करा. छत्रीच्या काडीएवढी तार घ्या, मधोमध ३० अंशांत वाकवा आणि सकाळच्या उन्हात भिंतीसमोर धरा. तारेचा वरचा अर्धा भाग भिंतीला समांतर ठेवून चिमटीत गोल फिरवा. भिंतीवरची सावली आधी वाकलेली दिसेल, मग हळूहळू सरळ होईल, एका ठिकाणी तर पूर्ण सरळ. तारेचा वाक मात्र तिळभरही बदललेला नसतो.

एका कॅमेऱ्याचा व्हिडिओ म्हणजे ही सावलीच. त्रिमितीतला हात तो सपाट पडद्यावर उतरवतो. ऑफस्पिन टाकताना दंड स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे कोपराचा वाक ज्या प्रतलात असतो ते प्रतलही कॅमेऱ्यापासून वळत जातं. हिशेब करून बघा: ३० अंशांचा वाक कॅमेऱ्यासमोर असेल तर ३०च दिसतो, दंड ६० अंश फिरला की तोच वाक पडद्यावर १६ दिसतो, ७० अंश फिरला की ११. कोपर एक अंशही सरळ झालेलं नाही आणि अ‍ॅप सांगतं १९ अंश सरळ झालं. मुलगा अवैध!

श्रीलंकेचा ऑफस्पिनर मुथय्या मुरलीधरन याची गोष्ट आठवा. १९९५च्या बॉक्सिंग डे (२६ डिसेंबरला सुरू होणाऱ्या) कसोटीत मेलबर्नला त्याला फेकीबद्दल नोबॉल दिले गेले आणि टीव्हीवर पाहणाऱ्या अर्ध्या जगाने मान डोलावली. त्याचं कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. १९९६मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात त्याची तपासणी झाली, आणि पडद्यावर दिसणारं सरळ होणं हा बराचसा दृष्टिभ्रम असल्याचं तिथल्या तज्ज्ञांनी सांगितलं. २००४मध्ये तर कोपर सरळ होऊच नये म्हणून हाताला कडक पट्टा बांधून त्याने कॅमेऱ्यासमोर चेंडू टाकले. तरीही ते फेकल्यासारखेच दिसले. त्या पट्ट्यापुढे 'मी डोळ्यांनी पाहिलं' या वाक्याला काय वजन उरतं?

त्या काळात आयसीसीची मर्यादा फिरकीला ५, मध्यमगतीला ७.५ आणि वेगवान गोलंदाजाला १० अंश अशी होती. नीट मोजमाप सुरू झाल्यावर ज्यांच्यावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं अशा गोलंदाजांचीही कोपरं थोडीफार सरळ होत असल्याचं आढळलं. मग २००५पासून सगळ्यांना सरसकट १५ अंश ठरले. म्हणजे ज्या १५ अंशांवर मेसेज उभा आहे, तो आकडाच मुळी नुसती नजर पुरत नाही हे कळल्यामुळे आला.

'तीनदा मोजा, उत्तर तेच येईल.' येईलच. पासंग असलेल्या तराजूवर तोच जिन्नस दहादा ठेवा, दहाही वेळा तेच वजन येईल आणि दहाही वेळा चुकीचं. पुन्हा पुन्हा तेच येणं हा एक गुण झाला, खरं येणं हा वेगळा. शिवाय इथे तीनदा मोजली ती एकच क्लिप. वेगळ्या चेंडूंची, वेगळ्या जागांवरून काढलेली तीन मोजमापं घेऊन बघा, मग किती जुळतात ते कळेल. दोघांना दाखवल्याचंही तेच. दोन माणसं एकाच सावलीकडे पाहून एकमत झाली, तर ते एकमत सावलीबद्दल झालं.

ठिपक्यांबद्दल. आमची मुलं पूर्ण बाह्यांची जर्सी घालतात. कापडाखाली कोपर नेमकं कुठे आहे हे अंदाजानेच ठरतं. पडद्यावर दंड आणि कोपरापुढचा हात प्रत्येकी १०० पिक्सेल भरत असतील आणि कोपरावरचा ठिपका फक्त ५ पिक्सेल बाजूला पडला, तर कोनात जवळजवळ ६ अंशांचा फरक येतो. मर्यादा १५ची आणि ठिपक्याचाच घोळ ६चा. त्यावर अ‍ॅप दशांशापर्यंत आकडा दाखवतं, त्या दशांशाला काही अर्थ नाही.

२४० फ्रेमचा आकडा ऐकायला मोठा वाटतो. ताशी ६० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे १७ मीटर जातो, म्हणजे दोन फ्रेमांमध्ये ७ सेंटिमीटर. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत अर्ध्या मीटरहून जास्त. चेंडू नेमका कोणत्या क्षणी सुटला, तेच धूसर. काही फोन मधल्या फ्रेम स्वतःच रचून भरतात, म्हणजे जे घडलंच नाही तेही दाखवतात. आणि बहुतेक फोनचे कॅमेरे चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतात. फिरत्या पंख्याच्या फोटोत पाती वाकडी दिसतात ती यामुळेच. वेगाने येणाऱ्या हाताचंही तसंच होतं.

कुणी म्हणेल, मग डीआरएसमध्ये, म्हणजे पंचांचा निर्णय फेरतपासण्याच्या पद्धतीत, व्हिडिओवर निर्णय कसे होतात? तिथे मैदानाभोवती अनेक कॅमेरे बसवून चेंडूची त्रिमितीतली जागा काढतात, आणि तरीही थोडी अनिश्चितता उरते म्हणून अंपायर्स कॉल, म्हणजे काठावरच्या वेळी मैदानावरच्या पंचाचाच निर्णय कायम, ठेवला आहे. फेकीच्या तपासणीतही कातडीवर चमकणारे ठिपके चिकटवतात, चहूबाजूंनी वेगवान कॅमेरे लावतात आणि मग कोपराचा कोन काढतात. चेन्नईच्या श्री रामचंद्र विद्यापीठातल्या केंद्राला २०१४मध्ये आयसीसीची मान्यता मिळाली ती अशाच कामासाठी. मोठ्या क्रिकेटमध्ये पंचांना शंका आली की ते तक्रार नोंदवतात आणि कोन प्रयोगशाळेत ठरतो.

आमच्या मैदानावर प्रयोगशाळा नाही, हे खरं आहे. व्हिडिओ मीही काढतो, रोज काढतो. पुढचा पाय कुठे पडतो, डोकं किती कलतं, खांदा कधी उघडतो हे त्यात छान कळतं. गेल्या महिन्याच्या व्हिडिओशी ताडून बघायचं तर तिपाई त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवतो. शंका वाटली तर बाह्या वर करायला लावून समोरून, बाजूने आणि मागून किमान सहा-सहा चेंडू टिपतो, आणि त्यावर मुलाशी एकट्याने बोलतो. १५ अंश की १८, हे मात्र मी त्यावरून कधीही सांगणार नाही, कारण ते मला दिसतच नाही.

त्या मुलाची क्लिप अजून तीन ग्रुपांत आहे. खाली त्याचं नाव आहे, शाळा आहे आणि लाल अक्षरांत 'चकर', म्हणजे चेंडू फेकणारा, असं लिहिलं आहे. ज्यांनी ती टाकली त्यांनी आजच काढावी, आणि जिथे टाकली तिथेच तसं लिहावं. येत्या रविवारी सकाळी तो नेटमध्ये गोलंदाजी करणार आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी यावं, वाकवलेली तार मी बरोबर आणतो.