आधी सोडवू, मग फोडू

२०१४ साली आम्ही सिंहगड रस्त्यावर सहाशे चौरस फुटांचा जुना फ्लॅट घेतला. कर्ज तीस लाखांचं. बाबा एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे सत्यनारायणाचा प्रसाद वाटून व्हायच्या आत त्यांनी भागाकार करून टाकला. तीस लाख भागिले सहाशे, म्हणजे फुटाला पाच हजार. मुद्दलातले पाच हजार फिटले की एक चौरस फूट आपला. उरलेला बँकेचा. आम्ही पदरचे घातलेले पैसे त्यांनी या हिशेबात धरलेच नाहीत. ती दक्षिणा, असं त्यांचं मत.

तेव्हा व्याजाचा दर १०.१५ टक्के होता. वीस वर्षांचा हप्ता बसला २९,२४९ रुपये. पहिल्या हप्त्याची फोड बघून बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावून बघितलं. व्याज २५,३७५. मुद्दल ३,८७४.

"महिनाभर राबलास आणि आला किती, पाऊण फूट," ते म्हणाले.

वर्षाकाठी साडेतीन लाख भरून आमच्या ताब्यात पावणेदहा चौरस फूट आले. बाबांनी दाराच्या आत खडूने तेवढी चौकट आखली आणि तिच्यात पायपुसणं आणि चपलांचा रॅक ठेवला. आल्यागेल्याला सांगायचे, "या, चपला आमच्या घरात काढा. पुढे बँकेचं आहे, जपून."

मधल्या वर्षांत दर उतरले. हप्ता आम्ही कमी करून घेतला नाही, दोनदा बोनस आला तोही त्यातच ओतला, आणि चौकट हॉलभर पसरली. मग २०२२चा मे उजाडला. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने पैसे देते तो, चार टक्क्यांवरून चढत चढत पुढच्या फेब्रुवारीत साडेसहावर जाऊन बसला आणि त्याच्यामागून आमचं व्याजही चढलं. आमचा हप्ता मात्र जिथल्या तिथे! आम्ही खुशीत. वर्षभराने सहज तक्ता काढला, तर जवळ आलेला शेवटचा हप्ता पुन्हा लांब पळालेला. वारीला निघावं आणि दर मुक्कामाला पंढरपूरच दोन कोस पुढे सरकावं, तसं. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

२०२५च्या सुरुवातीला बारा लाख उरले होते. भाषांतर करायचं तर दोनशे चाळीस चौरस फूट. बाबांनी आलेखाच्या कागदावर घराचा नकाशा काढून बँकेचा मुलूख लाल पेन्सिलीने रेघाटला : स्वयंपाकघर ऐंशी, संडास-बाथरूम पन्नास, बेडरूम एकशे दहा. नकाशा फ्रिजवर लागला. "माझ्या डोळ्यांदेखत पांढरा झाला पाहिजे," असं त्यांनी जाहीर केलं.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे काका मोबाइल पुढे धरून वर आले. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आली होती. फोटोत बघितलं तर हुबेहूब महाराष्ट्राचा नकाशा. "सोमवारी नागपूरपर्यंत होतं," काका म्हणाले, "आज गोंदिया ओलांडलं."

इथून आमच्या घरात दोन पक्ष झाले. बाबांना घर सोडवायचं होतं, बायकोला फोडायचं होतं. खिसा एकच, आणि तो माझा.

बायकोची बाजू लंगडी नव्हती. बिल्डिंग पंचवीस-तीस वर्षांची, पाइप जुने लोखंडी, आतून गंजून बोरूएवढी वाट उरलेली. ठेकेदार आला, त्याने फरशीवर हातोडीच्या दांड्याने टकटक केलं, कान लावला आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाला, "पोकळ वाजतंय." पोकळ वाजलं की खर्च भरीव होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाथरूमचा पाइप भिंतीतून स्वयंपाकघरात जातो, म्हणून ती भिंत. भिंत म्हणजे तिच्या टाइल्स. टाइल्स म्हणजे ओटा, कारण तो त्यांना टेकलेला. ओटा काढायचा तर खालची कपाटं कशाला ठेवता? अंदाजपत्रक सव्वादोन लाखांचं झालं. (शेवटी पावणेसहा लागले. हे कंसात सांगतोय, कारण बायकोसमोर आजही कंसातच सांगतो.)

"थांबा," बाबा म्हणाले. "बाथरूम अजून बँकेचं आहे. दुसऱ्याची भिंत फोडताय, विचारलंत का त्यांना?"

"बाबा, त्यांची भिंत गळतेय," बायको म्हणाली. "मग त्यांनाच बोलवा की दुरुस्तीला."

बाबा गप्प झाले. सासऱ्याला त्याच्याच हिशेबात पकडणारी सून त्यांना मनातून आवडते, पण हे ते फक्त आईला सांगतात. तह असा ठरला : स्वयंपाकघर आधी सोडवायचं, मग फोडायचं. बाथरूम आणीबाणी म्हणून आधीच.

बाबांची चार लाखांची ठेव मुदत भरून आली होती. चार लाख म्हणजे बरोब्बर ऐंशी फूट. योगायोगावर विश्वास नसलेले बाबा पंचांग बघून बँकेत निघाले. काउंटरमागच्या मुलाला मी म्हटलं, कर्जखात्यात चार लाख भरायचेत. त्याने आमच्याकडे काळजीने पाहिलं.

"भरायचेत? का?"

घरात काम काढलंय, हे सांगण्याची चूक मी केली. त्याचा चेहरा उजळला. "मग सर, भरताय कशाला? तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे. टॉप-अप घ्या ना, याच कर्जावर आणखी कर्ज! दहा लाख लगेच होतील."

बाबांनी पिशवीतून कागद काढला. रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना बजावलंय की बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड घ्यायचा नाही. त्या परिपत्रकाची प्रिंट, महत्त्वाच्या ओळी हिरव्या शाईत. दंडाचा विषय कोणी काढलाच नव्हता, पण आणलंय तर दाखवलं. मग दुसरा मुद्दा : हप्ता कमी करायचा की मुदत? हे तोंडी बोलण्यापेक्षा लेखी दिलेलं बरं, कारण हप्ता कमी झाला तर कर्ज आपलं निवांत चालत राहतं. बाबांनी अर्जावर 'मुदत' शब्दाखाली दोन रेघा मारल्या आणि पोच घेतली.

"काका, कर्ज ठेवलेलं टॅक्सला बरं असतं," मुलाने शेवटचा प्रयत्न केला.

"बारा लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वर्षाचं व्याज एक लाख दोन हजार," बाबा म्हणाले. "जुन्या पद्धतीत, वीस टक्क्यांच्या पट्टीत वाचतात वीस हजार. वीस वाचवायला लाख घालवू? आणि हा मुलगा तर नव्या पद्धतीत गेलाय. राहत्या घरासाठी तिथे तेही नाही."

हाच सल्ला मला माझा आतेभाऊही देत होता. कर्ज चालू ठेव, पैसे म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाक, बारा टक्के मिळतील. कागदावर त्याचं बरोबर असेलही. पण बाबांसोबत एका घरात राहून कर्ज 'चालू ठेवून' बघा म्हणावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवरच्या नकाशात स्वयंपाकघर खोडरबराने पांढरं झालं. बाबांनी जुन्या ओट्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला. खोबरं वाटून होतंय तोच गवंडी आला आणि त्याने ओटा फोडला. आमच्या पूर्ण मालकीचं स्वयंपाकघर सगळं मिळून पन्नास मिनिटं टिकलं.

पुढचे अडीच महिने आम्ही हॉलमध्ये राहिलो. टीव्हीच्या टेबलावर इंडक्शन, सोफ्याच्या हाताला टेकून पिठाचा डबा, आणि जिथे बघावं तिथे सिमेंटची भुकटी. पोह्यांत ती खोबऱ्यासारखी दिसते, पण चावली की फरक कळतो. राडारोड्याच्या गोण्या उतरवायचा दर मजल्यागणिक वाढतो आणि आम्ही तिसऱ्यावर. लिफ्ट आहे, पण तिच्यात 'राडारोडा नेऊ नये' अशी पाटी आहे. ती दोन वर्षांपूर्वी, सोसायटीचा सेक्रेटरी असताना, मीच लावली होती.

आंघोळीला समोरच्या वहिनींकडे जायचं. बाबा रोज सहाला पंचा, साबणाची डबी आणि स्वतःची बादली घेऊन जिना ओलांडत. त्यांच्याकडे कपबशी घेतानाही ओशाळणारा माणूस, पण आंघोळीनंतर तिथेच बसून त्यांनी वहिनींच्या मिस्टरांना त्यांच्या कर्जाचाही भागाकार करून दिला. ते बिचारे अजून हॉलच्या मध्यावर आहेत. हल्ली आमच्याशी जरा तुटकच बोलतात.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर ठेकेदाराने नहाणीचं तोंड बंद करून चार इंच पाणी भरलं. "दोन दिवस राहू द्या. खाली ओल आली नाही, तर पास." बाबांनी पाण्याच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारून वेळ लिहिली, दाराशी स्टूल टाकलं आणि बॅटरी घेऊन बसले. रात्री अकराला पातळी रेघेला. दोनला रेघेला. पहाटे साडेपाचला त्यांनी मला हलवून उठवलं. पाणी नखभर उतरलं होतं. आम्ही दोघं अनवाणी खाली पळालो. काकांना उठवलं, त्यांच्या बाथरूममध्ये तिघं माना वर करून उभे राहिलो. छत कोरडं. महाराष्ट्र जसाच्या तसा. मग पाणी गेलं कुठे? बाबा म्हणाले, भिंतीत मुरलं. काका म्हणाले, आता हळूहळू उतरेल. सातला ठेकेदाराला फोन केला, त्याने झोपेतच 'पुन्हा करावं लागेल' म्हणून टाकलं. आम्ही वर आलो, तर आई बाल्कनीत मोगऱ्याला पाणी घालत होती.

"एक बादली घेतली त्यातली," ती म्हणाली. "टाकूनच द्यायचं होतं ना?"

सुतारमामांचं प्रकरण वेगळं. माणूस कामाला सोन्यासारखा, पण माप हाताला लागेल त्या कागदावर लिहायचा. स्वयंपाकघराच्या ड्रॉवरची मापं विजेच्या बिलावर, बेडरूमच्या कपाटाची भाचीच्या लग्नपत्रिकेवर, 'सौ. व श्री.'च्या बरोबर खाली. एकदा आईच्या पंचांगात एकादशीच्या चौकटीत 'प्लाय १९ मिमी – ६ नग' असं सापडलं. मामा म्हणायचे, "साहेब, डोक्यात ठेवलं की हरवतं." मी त्यांना वही आणून दिली. तिच्यावर ते चहाचा पेला ठेवत.

पैशांचं पुढे जमत गेलं. बायकोची भिशी लागली, बाबांचे पोस्टातले आले, माझी एक ठेव मोडली. टाइलच्या दुकानात बायको बॉक्स निवडायची आणि बाबा शेजारी उभे राहून पुटपुटायचे, "हे दोन फूट गेले... हे साडेतीन गेले." शेवटी तिने खरखरीत, स्वस्तातली टाइल घेतली. तीच पायाला चांगली निघाली, हे दोघंही कबूल करत नाहीत.

बाथरूमचे अडीच लाख फिटले, बेडरूमचे साडेपाच फिटले आणि एका मंगळवारी बाबांनी नकाशावरची शेवटची लाल रेघ खोडली. कर्ज शून्य. घरात त्या दिवशी दार नसलेलं बाथरूम, रंग नसलेली बेडरूम आणि सोफ्यावर गॅसचा सिलिंडर. बायको म्हणाली, "सगळं आपलं झालं, आता कुठेतरी बसता आलं तर बरं होईल."

आता राहिले बँकेतले मूळ कागद. कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत ते परत द्यायचे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३पासून आहे. मी हे वाचून दाखवलं आणि बाबांचे डोळे चमकले.

"दिवसाला पाच हजार? म्हणजे रोज एक फूट!"

ज्या माणसाने अकरा वर्षं बँकेने घाई करावी म्हणून जप केला, तो आता तिने रेंगाळावं म्हणून दिवस मोजू लागला. वीस दिवस उशीर झाला तर बाल्कनी वाढवता येईल, असं ते आईला सांगताना मी ऐकलं. एकोणिसाव्या दिवशी बँकेचा फोन आला, कागद तयार आहेत. बाबांचा चेहरा पडला. जाताना पिशवीत परिपत्रकही नव्हतं.

करारनामा, त्याच्या सरकारी नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू, आधीच्या मालकाचा साखळी करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. बाबांनी एकेक पान मोजून घेतलं. आणि वर बँकेच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट, देणं काही उरलं नसल्याचं पत्र. सोसायटीच्या दप्तरातला कर्जाचा बोजा उतरवायला तेच दाखवायचं होतं. रिक्षात बाबांनी फाइल मांडीवर धरली होती, लहान मुलाला धरावी तशी.

घरी फाइल ठेवणार कुठे? लॉकरचं कपाट मामा त्याच दिवशी बसवत होते. बाबांनी सगळं देवापुढे पाटावर ठेवलं आणि हातपाय धुवायला समोरच्या वहिनींकडे गेले. येईपर्यंत दहा मिनिटं गेली असतील. मामा निघून गेले होते, कपाटाचं दारही घेऊन गेले होते. फाइल जागच्या जागी होती. पत्र पालथं पडलं होतं, आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर सुतारी पेन्सिलीने ठळक लिहिलं होतं : 'दार ४२ × १८. मायका आतून पांढरा. बिजागरी ३.'

मी श्वास रोखून उभा राहिलो. आईने देवाकडे पाहिलं. बाबांनी पत्र उचललं, खिडकीशी नेलं, पुढून वाचलं, उलटून मागून वाचलं. मग खिशातून टेप काढून कपाटाच्या उघड्या तोंडाला लावली.

"फोन लाव त्याला," ते म्हणाले. "साडेएकेचाळीसच भरतंय."