माशी शिंकली

आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी मासा खाल्लेला नाही. पुण्यात असताना मासळी बाजाराशी माझा संबंध वास आला की रस्ता बदलण्यापुरता. असा मी वयाच्या ४७व्या वर्षी, न्यू जर्सीत, ४० डॉलर वर्गणी भरून फ्लाय फिशिंग, म्हणजे गळाला खोटी माशी लावून मासे धरणाऱ्यांच्या, क्लबाचा सभासद झालो. ऑफिसातला एकजण म्हणाला, "ये की एकदा", आणि मला नाही म्हणता येत नाही. याच दोषापायी मी आधी दोन वर्षं मराठी मंडळाचा खजिनदार होतो.

बायको कुडाळची. तिने एवढंच विचारलं, "तू? मासे?" सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंनी मात्र माझ्याकडे पहिल्यांदाच जावई म्हणून पाहिलं. लग्नाला १८ वर्षं झाली होती. "गरवूक जातले?" त्यांनी लेकीला विचारलं. गळ टाकून मासे धरण्याला तिकडे गरवणं म्हणतात. त्या रात्री वरणावर तुपाची जास्तीची धार पडली.

क्लबाची सभा महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, चर्चच्या तळघरात. कॉफी, डोनट आणि पंधराएक निवृत्त पुरुष. एक प्लंबर, एक दंतवैद्य, एक पोस्टमन. ही माणसं पहिल्याच भेटीत गुडघ्याचं ऑपरेशन, घटस्फोट, मुलाशी असलेला अबोला, सगळं मोकळेपणी सांगतात. मासा कुठे लागला ते सांगत नाहीत. "रॅरिटन नदीवर", एवढंच. म्हणजे "घर कुठे तुमचं?" ला "महाराष्ट्रात" असं उत्तर. मासा केवढा होता ते मात्र न विचारता दोन्ही हात पसरून दाखवतात, आणि दर महिन्याला तो मासा थोडा वाढलेला असतो.

हिवाळ्यात काम एकच: माशा बांधणे. आपल्याकडे माशा मारत बसतात, हे लोक बांधत बसतात. गळाच्या आकड्यावर दोरा, पिसं आणि केस गुंडाळून असा किडा करायचा की ट्राउट माशाला तो खरा वाटावा. मला दिली 'अ‍ॅडम्स'. मिशिगनच्या लेन हॅलाडेने ती १९२२ साली बांधली आणि ती वापरून खूश झालेल्या चार्ल्स अ‍ॅडम्स या वकिलाचं नाव तिला दिलं. फसवायच्या वस्तूला वकिलाचंच नाव कसं सुचलं, हे मी विचारलं नाही, कारण पलीकडे एक वकील बसले होते. तिला लागते मस्करॅट या पाणउंदराची करडी लव आणि कोंबड्याच्या मानेची पिसं. कोंबडीला आयुष्यात हात न लावलेला मी आख्खी सोललेली मान खिशात घालून घरी आलो. त्यात आकड्यांचं गणित उलटं. नंबर जितका मोठा तितका आकडा लहान. १८ नंबरच्या आकड्याचं नेढं मला दोन चष्म्यांतूनही दिसेना.

जेवणाच्या टेबलावर दोन रात्री माझा खेळ चालला होता. माझी पहिली माशी नाकातून काढल्यासारखी दिसत होती. तिसऱ्या रात्री सासूबाई उठल्या. "हाडा हय," म्हणाल्या आणि आबोलीचा वळेसर गुंफावा तसे दोऱ्याचे वेढे घालत चार मिनिटांत माशी हातावर ठेवली. गुरुवारी दंतवैद्याने ती भिंगाखाली धरली. "कोणी बांधली?" मी म्हणालो, "घरचीच आहे." खोटं नव्हतं. त्याने माझी पाठ थोपटली, तेव्हा मी ती थोपटू दिली, एवढंच.

मग एप्रिल आला आणि काठीने दोरी फेकायचं शिक्षण सुरू झालं. साध्या गळाला शिशाचं वजन असतं, ते फेकलं की दोरी मागोमाग जाते. इथे माशीला वजनच नाही. जाड दोरी चाबकासारखी मागेपुढे करायची आणि माशीने तिच्या शेपटाला धरून जायचं. हात घड्याळातल्या १० आणि २ च्या मध्येच फिरला पाहिजे, असं पोस्टमनने बजावलं. माझा हात ९ ते ५ जायचा. नोकरीची सवय. "दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांब," तो म्हणाला. थांबलो. मागे झाड होतं.

केन लॉकवूड गॉर्ज हे रॅरिटनच्या दक्षिण फाट्यावरचं ठिकाण आमच्या एडिसनहून तासाभरावर. (हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सांगतोय.) दरड, मोठमोठे धोंडे, आणि पाणी इतकं गार की छातीपर्यंतच्या रबरी विजारीतूनही पूर्वज आठवतात. सासूबाई लेकीचं जाकीट साडीवर चढवून घडीच्या खुर्चीत काठावर बसल्या होत्या. अकरा वाजेपर्यंत माझ्या सात माशा एकाच झाडाला लागल्या. ते आता नवसाच्या वडासारखं दिसत होतं.

"जावयबापू," काठावरून आवाज आला, "झाडार मासे आसतत काय ओ?"

सगळे हसले. भाषा कळली नव्हती, सूर कळला.

शेवटी मी त्यांनी बांधलेली माशी लावली. पावणेबाराला दोरीला हिसका बसला. पुढचं मला नीट आठवत नाही. पोस्टमन "काठी वर!" ओरडत होता, मी मराठीत काहीतरी ओरडत होतो, आणि मग जाळीत नऊ इंचांचा रेनबो ट्राउट होता. अंगावर गुलाबी पट्टा, पैठणीच्या काठासारखा. हात आधी ओला करायचा, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो. आकडा बिनकाट्याचा, अलगद निघाला. फोटो झाला. आणि सोडला.

इथे थोडं सांगायला हवं. पीक्वेस्टच्या सरकारी केंद्रात हे मासे वाढवतात आणि वसंतात आणून नद्यांत सोडतात. आपण परवाना काढायचा, त्यावर ट्राउटचा वेगळा स्टँप विकत घ्यायचा, मासा पकडायचा, आणि क्लबाच्या शिस्तीप्रमाणे परत तिथेच सोडायचा. खड्डा खणा, खड्डा बुजवा. आपल्या रोजगार हमीत निदान मजुरी मिळायची. पण मला हे फार पटलं. छंद झाला आणि सात पिढ्यांचं सोवळंही राहिलं.

"सोडलात?" सासूबाई उभ्या राहिल्या. मग लेकीकडे वळून, "तुझो घो खुळो झालो की काय गो?"

"काय म्हणाल्या?" पोस्टमनने विचारलं.

"फार सुंदर मासा होता म्हणाली," बायको म्हणाली.

परतताना गाडीत कोणी बोललं नाही. एडिसनला आल्यावर सासूबाईंनी दुकानासमोर गाडी थांबवायला लावली, फ्रीझरमध्ये खांद्यापर्यंत हात घातला आणि दगडासारखे बांगडे उलटसुलट करत "बर्फ खाताव की मासो" असं पुटपुटत सहा निवडले. पैसे मी दिले. पिशवीही मीच धरली, शरीरापासून शक्य तितकी लांब.

संध्याकाळी घरात वास दरवळत होता, सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि मी दहीभात घेऊन बाल्कनीत बसलो होतो. आत कुडाळला व्हिडिओ कॉल लागला होता. सासूबाईंनी फोन तव्यावर धरला.

"जावयान गरवल्यान," त्या बहिणीला सांगत होत्या. "नदयेर गेललो सकाळी."

पलीकडे क्षणभर शांतता. "नदयेत बांगडो?"

सासूबाईंनी तुकडा उलटला. "अमेरिका ही गो. हय सगळा गावता."